पाच अक्षरी इंग्रजी शब्दांच्या यादीसोबत आठ महिने

वर्डलचा, म्हणजे पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायच्या खेळाचा, नाद आधीपासून होताच. शब्द शोधून देणारं ॲप मात्र फोनवर घेतलं ते आठ महिन्यांपूर्वी, सलग तीन दिवस सहावा प्रयत्नही वाया गेल्यावर. काम साधं आहे. शब्द किती अक्षरांचा हवा, कुठली अक्षरं हवीत, कुठली नकोत, कुठलं कितव्या जागी पक्कं आहे, एवढं भरायचं. खाली यादी येते, शब्दावर बोट टेकवलं की अर्थ. पुढे याच जातीची आणखी दोन ॲप वापरून पाहिली. रंग वेगळे, जाहिराती कमीजास्त, खोडी त्याच.

पहिली खोड म्हणजे भरताड. 'पाच अक्षरी' एवढंच सांगून शोधलं तर अगदी वर दोन ए आणि दोन आय असलेला 'आलिई' येतो. हे हवाई बेटांवरचं एक झाड. स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्यांनी शब्द जुळवायचा खेळ, खेळणाऱ्याला हा शब्द म्हणजे लॉटरी, माझ्या मात्र काही कामाचा नाही. वर्डल बनवणाऱ्या जॉश वॉर्डलने २०२१ मध्ये तो सगळ्यांना खुला केला तेव्हा उत्तरांसाठी जेमतेम २,३१५ शब्द ठेवले होते. अंदाज म्हणून चालणारे शब्द धरले तर आकडा १३ हजारांच्या आसपास जायचा. शिवाय नुसता एस जोडून केलेलं अनेकवचन उत्तरात सहसा नसायचंच. ॲपला यातलं काही माहीत नाही, त्यामुळे निम्मा वेळ एस-वाले शब्द डोळ्यांनी गाळण्यात जातो.

दुसरी खोड मला चांगलीच महागात पडली. मी 'क्रीप' टाकला होता: सी, आर, ई, ई, पी. पहिली तीन अक्षरं हिरवी (म्हणजे योग्य जागी), पी पिवळा (म्हणजे आहे, पण दुसऱ्या जागी), आणि दुसरा ई करडा. करडा म्हणजे नाही, म्हणून मी ई 'नको' च्या रकान्यात भरला. यादी रिकामी! पुन्हा भरलं, पुन्हा शून्य. शेवटी ॲप मिटून चिडचिड करत बसले आणि मग ट्यूब पेटली: दुसरा ई करडा म्हणजे ई नाही असं नव्हे, ई एकदाच आहे. उत्तर होतं 'क्रेप्ट'. 'हे अक्षर एकदाच' किंवा 'किमान दोनदा' असं सांगायची सोय तिन्ही ॲपमध्ये नाही. ही सोय देणारं ॲप कुणाला सापडलं तर खाली जरूर लिहा, मी आजच उतरवून घेईन.

आता जिथे ॲप खरंच उपयोगी पडलं ते सांगते. शेवटची चार अक्षरं ए-टी-सी-एच अशी हिरवी झाली की नवखा माणूस खूश होतो. खरा फास तिथेच असतो. यादीत एकाखाली एक उभे: बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच. सात शब्द, हातात तीन प्रयत्न. एकेक करून मारत बसलात तर गेलात. ही सात नावं डोळ्यांसमोर आली तेव्हाच मला कळलं की इथे उत्तर शोधायचंच नाही, अक्षरं तपासायची. 'क्लॅम्प' टाका. एल, एम, पी यांपैकी एखादं पिवळं झालं तर अनुक्रमे लॅच, मॅच, पॅच. सी पहिल्याच जागी हिरवा झाला तर कॅच. काहीच नाही तर उरले तीन. हार्ड मोडमध्ये मात्र ही युक्ती चालत नाही, हिरवी अक्षरं जागच्या जागी ठेवावी लागतात.

अर्थांच्या बाबतीत मात्र निराशा आहे, आणि मी ॲप घेतलं होतं ते निम्मं अर्थांसाठीच. मराठी अर्थ एका शब्दाचा, तोही कुठूनतरी यंत्राने उचललेला. 'क्रेन' म्हणजे यारी, बस. क्रौंच पक्षी कुठेच नाही. वास्तविक यारीला ते नाव या पक्ष्याच्या लांब मानेमुळेच पडलं. 'स्टर्न' म्हणजे कठोर एवढंच, जहाजाची मागची बाजू गायब. कहर केला तो 'ट्रिस्ट'ने. ॲपमध्ये अर्थ होता 'भेट'. माझ्या मुलीने तो वाचला आणि मैत्रिणीला वाढदिवसाच्या वस्तूबरोबर द्यायच्या चिठ्ठीत 'स्मॉल ट्रिस्ट' असं लिहून मला दाखवायला आणलं.

"आई, भेट म्हणजे गिफ्टच ना?"

तिचं काय चुकलं? मराठीत भेट देतातही आणि भेट होतेही. ट्रिस्ट म्हणजे प्रेमिकांनी आधी ठरवून, चोरून घेतलेली भेट. आपल्याकडे याला 'संकेत' असा नेमका शब्द आहे, पण संकेतस्थळ म्हटलं की हल्ली वेबसाइटच आठवते. चिठ्ठी फाडली.

तेव्हापासून एक वही केली आहे. ॲपमधून फक्त शब्द घ्यायचा, अर्थ जाड शब्दकोशातून, आणि शेजारी स्वतःचं एक वाक्य. सगळ्यात जास्त मजा आली ती ए-ई-आय-ओ-यू यांपैकी एकही नसलेल्या शब्दांना. पाचही स्वर 'नको' मध्ये टाकले की यादी एकदम आटोपशीर होते: लिम्फ, निम्फ, क्रिप्ट, ग्लिफ, पिग्मी. यांत वाय स्वराचं काम करतो. मग एक विचित्र शब्द येतो, सी-आर-डब्ल्यू-टी-एच. वाचायचा 'क्रूथ'. वेल्श लोकांचं गजाने वाजवायचं तंतुवाद्य, आणि त्यांच्या भाषेत डब्ल्यू हा स्वरसुद्धा असतो. ॲपमधला अर्थ: 'एक वाद्य'. त्याच घराण्यातला तीन अक्षरी 'कूम', म्हणजे डोंगरातली वाडग्यासारखी खोलगट दरी. एव्हरेस्टच्या वाटेवरचा वेस्टर्न कूम तो हाच. क्यू आहे पण यू नाही असे शब्द शोधले तेव्हा तर हसूच आलं. फकीर आणि तलाक! यांचे अर्थ बघायची गरजच पडली नाही.

पैसे भरून जाहिराती बंद करण्याइतकं ॲप चांगलं नाही, काढून टाकण्याइतकं वाईटही नाही. पाचपैकी तीन तारे, त्यातला एक 'क्लॅम्प'साठी. हल्ली खेळताना ते उघडत नाही, खेळ संपल्यावर उघडते आणि काय काय हुकलं ते बघते. मुलीच्या मते आधी उघडणं ही चीटिंग होती. वहीत सव्वादोनशेच्या वर शब्द झालेत. ट्रिस्टचं पान तिने स्वतः लिहिलंय, आणि वाक्य काय केलंय ते मला वाचू देत नाही.