‘जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी’: दोन वर्षांच्या मापात न मावणारी शोधपत्रिका

एखादी शोधपत्रिका कशी आहे, असे विचारले की आपल्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत आधी तिचा इम्पॅक्ट फॅक्टर पाहिला जातो. नेमणूक, बढती, अनुदान अशा कितीतरी गोष्टी त्या एका आकड्याशी जोडलेल्या असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. परंतु अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायॉलॉजीच्या ‘जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी’ची पारख या मार्गाने केली तर तिचे खरे गुणही दिसत नाहीत आणि खरे दोषही दिसत नाहीत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ही पत्रिका वर्षानुवर्षे वाचायला लावल्यानंतर माझे हे मत पक्के झाले आहे.

आकडाच पाहायचा तर २०२१ साली तो साडेसहापर्यंत गेला होता आणि २०२३ साली चारवर आला. पाहणाऱ्याला वाटावे की दोन वर्षांत पत्रिकेचा दर्जा ढासळला. हे माप काढण्याची रीत पाहिली की त्याचा उलगडा होतो. मागील दोन वर्षांत प्रसिद्ध झालेल्या लेखांचा चालू वर्षात इतरांनी किती वेळा संदर्भ दिला, त्या संख्येला त्या दोन वर्षांतील शोधनिबंधांच्या संख्येने भागायचे, एवढीच ती रीत आहे. २०२१च्या आकड्यात २०२० सालचे, म्हणजे कोरोनाच्या साथीच्या पहिल्या वर्षाचे निबंध होते आणि साथीवर जगभर जे काही लिहिले जात होते त्याला त्यांचा आधार लागत होता. २०२३च्या गणितातून ते वर्ष वगळले गेले. एवढ्यावरून संपादकांनी किंवा समीक्षकांनी आपले काम अधिक चांगले किंवा अधिक वाईट केले, असे म्हणता येत नाही.

फेब्रुवारी १९६७ मध्ये ही पत्रिका सुरू झाली. ‘व्हायरॉलॉजी’ हे नियतकालिक त्याआधीच, १९५५ पासून निघत होते आणि ब्रिटनमधील ‘जर्नल ऑफ जनरल व्हायरॉलॉजी’ही त्याच १९६७ सालचे. म्हणजे विषाणुशास्त्र ही जीवाणुशास्त्राची शाखा न राहता स्वतंत्र विद्या म्हणून उभी राहत होती, तो हा काळ. रॉबर्ट वॅगनर हे पहिले प्रमुख संपादक. पुढे पेशीला कर्करोगापासून वाचवणाऱ्या पी-५३ या प्रथिनाच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते अर्नोल्ड लेव्हाइन, त्यानंतर थॉमस शेंक, लिन एन्क्विस्ट आणि रोझॅन सँड्री-गोल्डिन यांनी ही धुरा सांभाळली. २०२२ पासून फेलिशिया गुडरम आणि स्टेसी शुल्ट्झ-चेरी या दोघी मिळून संपादन करीत आहेत. ही सर्व मंडळी स्वतः प्रयोगशाळा चालवणारी आहेत. निबंध स्वीकारायचा की नाही, याचा निर्णय त्या विषयात काम करणारा शास्त्रज्ञ घेतो, पूर्णवेळ व्यावसायिक संपादक नव्हे, आणि याचा परिणाम पानापानांवर जाणवतो. धक्कादायक शीर्षके येथे फारशी दिसत नाहीत. प्रयोगाला जोड म्हणून नियंत्रण प्रयोग केला आहे की नाही, हे मात्र काटेकोरपणे पाहिलेले असते.

या पत्रिकेची ताकद कशात आहे, हे एका निबंधावरून नीट सांगता येईल. चीनमधील नव्या कोरोनाविषाणूचा जनुकीय क्रम १० जानेवारी २०२०च्या सुमारास जगासमोर आला. मिनेसोटा विद्यापीठातील फांग ली यांच्या गटाने नॉर्थ कॅरोलिनातील राल्फ बॅरिक यांच्या साथीने त्या क्रमाचे विश्लेषण केले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ते येथे ऑनलाइन प्रसिद्ध झाले. नवा विषाणू हाताशी नसताना, केवळ त्याच्या क्रमावरून त्यांनी सांगितले की हा विषाणू मानवी पेशीत शिरण्यासाठी बहुधा पेशीच्या पृष्ठभागावरील एसीई-२ हाच ग्राहक (रिसेप्टर) वापरतो. याहून महत्त्वाचे म्हणजे विषाणूच्या काट्याच्या (स्पाइक) प्रथिनातील ५०१ क्रमांकाच्या जागेवर त्यांनी बोट ठेवले. तेथील अमिनो आम्ल मानवी ग्राहकाला जुळते, पण सर्वात उत्तम जुळणारे नाही. तेथे ॲस्परॅजिन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनिन आले तर पकड बरीच घट्ट होऊ शकेल, म्हणून रुग्णांमधील विषाणूच्या या जागेवर बारीक लक्ष ठेवावे, असे त्यांनी लिहिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये ज्या अल्फा प्रकाराने खळबळ उडवली त्यात नेमकी ५०१ हीच जागा बदललेली होती. बदल टायरोसिनचा होता, थ्रिओनिनचा नव्हे. पण जागा तीच. पुढे बीटा, गॅमा आणि ओमिक्रॉनमध्येही ती तशीच बदललेली आढळली.

हे भाकीत तीन आठवड्यांत जमले, कारण त्याच्या मागे दहा-पंधरा वर्षांचे काम होते. २००३ची सार्सची साथ आटोक्यात आल्यावर कोरोनाविषाणूंवरचे जगाचे लक्ष उडाले, परंतु या पत्रिकेत त्यांच्यावरचे निबंध येत राहिले. हाँगकाँगच्या गटाने न्यूमोनियाच्या रुग्णांत शोधलेला एचकेयू-१ हा कोरोनाविषाणू २००५ साली येथेच सविस्तर वर्णिला गेला. वटवाघळांतील आणि पक्ष्यांतील कोरोनाविषाणूंची वंशावळ मांडणारा, डेल्टाकोरोनाविषाणू हा गट पुढे आणणारा त्याच गटाचा निबंध २०१२ साली येथे आला. मर्स हा कोरोनाविषाणूमुळेच होणारा आजार पहिल्यांदा ओळखला गेला तोही त्याच वर्षी. त्या त्या वेळी हे निबंध वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचले नाहीत. गरज पडली तेव्हा मात्र ते तयार होते. दोन वर्षांच्या खिडकीतून पाहणाऱ्या मापात या तयारीला जागाच नाही.

एचआयव्हीच्या बाबतीतही हेच दिसते. १९८६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील गटाने पीएनएल४-३ या नावाचा रेणवीय क्लोन या पत्रिकेत प्रसिद्ध केला. दोन वेगवेगळ्या नमुन्यांतील विषाणूंचे तुकडे जोडून बनवलेला हा डीएनए पेशीत सोडला की संसर्गक्षम विषाणू तयार होतो. आजही एचआयव्हीच्या जीवशास्त्रावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेच्या शीतपेटीत तो बहुधा सापडतोच. १९९८ साली तर एकाच वर्षात दोन मोलाचे निबंध आले. एकात लेंटीव्हायरसपासून (एचआयव्ही ज्या गटात मोडतो त्या विषाणूंपासून) बनवलेल्या जनुकवाहकाचे घटक वेगवेगळ्या प्लाझ्मिडांवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळांवर विभागून, विषाणूचे टॅट हे जनुक पूर्णपणे वगळून, तो वाहक अधिक सुरक्षित कसा करावा हे दाखवले होते. दुसऱ्यात पेशीत शिरल्यावर स्वतःचे नियंत्रक केंद्र निकामी करणारा वाहक मांडला होता. रक्ताच्या कर्करोगावरील कार-टी उपचारांत रुग्णाच्या टी पेशींमध्ये नवे जनुक घालण्यासाठी लेंटीव्हायरसचे असे वाहक वापरले जातात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या कामातून उभा राहिलेला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये देशात मान्यता मिळालेला ‘नेक्सकार-१९’ हा उपचारही लेंटीव्हायरस वाहकावरच आधारलेला आहे. परळच्या किंवा खारघरच्या रुग्णालयात उपचार घेणाऱ्या माणसाला या निबंधांची नावे ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु शोधपत्रिकेचा प्रभाव म्हणतात तो मला तरी याहून निराळा वाटत नाही.

पत्रिकेतील विषयांचा कल काळानुसार कसा बदलत गेला, हेही पाहण्यासारखे आहे. आरंभीच्या अंकांत जीवाणुभक्षक (जीवाणूंना संसर्ग करणारे विषाणू), माकडांतील एसव्ही-४०, ॲडिनोव्हायरस आणि अर्बुदे (गाठी) निर्माण करणारे विषाणू यांचा भरणा होता, कारण पेशीचे जनुक कसे चालते हे समजून घेण्यासाठी विषाणू हेच सर्वात सोयीचे साधन होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून एचआयव्हीने जागा व्यापली. त्यानंतर हेपटायटिस-सी आला आणि २०१३च्या अखेरीस सोफोस्बुव्हिर या औषधाला मान्यता मिळून तो आजार बरा होऊ लागला तसा त्याच्यावरच्या निबंधांचा ओघही आटला. नागीणवर्गीय (हर्पिस) विषाणू आणि इन्फ्लुएन्झा मात्र प्रत्येक दशकात टिकून आहेत. गेल्या दहाएक वर्षांतील ठळक बदल म्हणजे पशुविषाणूंची वाढ. डुकरांतील साथीचा अतिसार, डुकरांतील प्रजनन व श्वसनविकाराचा विषाणू, आफ्रिकन स्वाइन फीव्हर यांच्यावरचे निबंध मोठ्या संख्येने येतात आणि त्यांतील पुष्कळसे चीनमधील संस्थांचे असतात. २०२२ साली लम्पीने राज्यातील गोठ्यांची जी अवस्था केली ती पाहिलेल्या पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याने हा विभाग टाळू नये.

येथेच पत्रिकेचा सर्वात मोठा दोषही दिसतो. अमुक विषाणूचे तमुक प्रथिन पेशीतील एका प्रथिनाला चिकटते, त्याचा नाश घडवून आणते आणि त्यामुळे इंटरफेरॉनचा, म्हणजे पेशीच्या विषाणुरोधक संरक्षणाचा प्रतिसाद दबतो, या साच्याचे निबंध फार झाले आहेत. विषाणूचे नाव आणि पेशीतील प्रथिनाचे नाव बदलले की पुढची आकृती काय असेल हे सांगता यावे, इतका तो साचा ठरून गेला आहे. प्रत्येक प्रयोग नीट केलेला असतो, समीक्षकांनी मागितलेले पुरावे जोडलेले असतात, आणि तरीही वाचून झाल्यावर प्रश्न उरतो, की पेशीत प्रथिनाचे प्रमाण कृत्रिमरीत्या वाढवून दिसलेला हा परिणाम खऱ्या संसर्गात, खऱ्या प्राण्यात कितपत घडतो? संपादक मंडळाने या एका मुद्द्यावर अधिक कठोर व्हावे, असे मला कळकळीने वाटते.

दुसरी उणीव विषयनिवडीची आहे. ज्या विषाणूंसाठी क्लोन, प्रतिपिंडे आणि प्राणी-प्रतिमाने (संसर्गाचा अभ्यास करण्याजोगे प्रयोगप्राणी) आधीच उपलब्ध आहेत तेच येथे पुन्हा पुन्हा येतात. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात आढळलेला आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने ओळखलेला माकडताप सिंधुदुर्गात दोडामार्ग परिसरापर्यंत आणि गोव्यात सत्तरीपर्यंत पोहोचला आहे. त्याचा विषाणू पेशीत नेमके काय करतो, हे मात्र या पत्रिकेत शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. हा दोष एकट्या पत्रिकेचा नाही. अशा विषाणूवर काम करण्यासाठी उच्च जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळा लागतात, त्या मोजक्या आहेत, आणि पैसा साथीच्या मागे जातो. तरीही दुर्लक्षित विषाणूंसाठी विशेष विभाग काढणे संपादकांच्या हातात आहे.

वाचकाच्या सोयीसाठी पत्रिकेने जे केले आहे त्याचे मनापासून कौतुक केले पाहिजे. प्रत्येक शोधनिबंधाच्या सारांशाला जोडून ‘इम्पॉर्टन्स’ हा छोटा परिच्छेद असतो. लेखकाने त्यात आपल्या कामाचे महत्त्व त्या उपविषयाबाहेरच्या वाचकाला कळेल असे सांगायचे असते, आणि वनस्पतिविषाणूंवर काम करणाऱ्यालाही त्यातून नागीणवर्गीय विषाणूंच्या निबंधाचा गाभा समजतो. ‘स्पॉटलाइट’मध्ये अंकातील निवडक निबंधांची ओळख असते. ‘जेम’ या नावाने येणारे छोटे आढावे तर एम.एस्सी.च्या वर्गात जसेच्या तसे वापरावेत असे असतात. जानेवारी २०२३ मध्ये दीडशेहून अधिक विषाणुशास्त्रज्ञांच्या सह्यांचा एक लेख येथे आणि सोसायटीच्या आणखी दोन पत्रिकांत एकाच वेळी प्रसिद्ध झाला. विषाणूंवरील संशोधनाबाबतची चर्चा भीतीवर नव्हे तर पुराव्यावर व्हावी, असे आवाहन त्यात होते. त्यातील प्रत्येक युक्तिवाद मला पटतो असे नाही. प्रयोगशाळांच्या सुरक्षेबाबत समाजाने विचारलेल्या प्रश्नांना त्यात अधिक सविस्तर उत्तर द्यायला हवे होते. परंतु एका शोधपत्रिकेने आपल्या विद्येच्या वतीने उघड भूमिका घेतली, ही बाब मोठी आहे.

निबंधांची संख्या पूर्वीच्या मानाने बरीच घटली आहे. २००८च्या खंडाची पाने बारा हजारांवर गेली होती आणि वर्षाला हजाराहून अधिक निबंध निघत होते. आता त्याच्या निम्मेही निघत नाहीत. केवळ ऑनलाइन निघणाऱ्या नव्या पत्रिका वाढल्या, काम वाटले गेले. मला यात वाईट काही दिसत नाही, कारण अंक आता वाचून संपवता येतो.

ज्या विद्यार्थ्याच्या हाती विषाणू आणि पेशी यांच्यातील यंत्रणेबद्दल ठोस, परिश्रमपूर्वक मिळवलेली निष्पत्ती आहे त्याने येथे निबंध अवश्य पाठवावा. रुग्णसंख्येचे सर्वेक्षण किंवा नुसता जनुकीय क्रम असेल तर तो इतरत्र शोभेल. वाचणाऱ्यांसाठी १९६७ पासूनचे जुने अंक पबमेड सेंट्रल या ऑनलाइन संग्रहावर विनामूल्य आहेत. २०२५ पासून सोसायटीने आपल्या सहा पत्रिकांसाठी ‘सबस्क्राइब टू ओपन’ ही पद्धत स्वीकारली असून तीत ही पत्रिकाही आहे. पुरेशा ग्रंथालयांनी वर्गणी भरली की त्या वर्षीचे निबंध सर्वांसाठी खुले होतात आणि ते खुले करण्याचे शुल्क लेखकावर पडत नाही. हा निर्णय दरवर्षी नव्याने घेतला जातो. त्यामुळे ‘आता फुकटच मिळते’ म्हणून ज्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत वर्गणी बंद करण्याचा विचार चालू असेल, त्यांनी तो करू नये.