धुरकट हेडलाइट: घासून घ्यावी, वाफ द्यावी की बदलावी?

गाडी सहा-सात वर्षांची झाली आणि ती रोज उन्हात उभी राहत असेल, तर हेडलाइटच्या काचेवर आधी वरच्या कडेला पिवळट झाक दिसू लागते आणि पुढच्या एक-दोन उन्हाळ्यांत सगळी काच दुधाळ होते. सवयीने आपण तिला काच म्हणतो, पण ती पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकची असते. अ‍ॅम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनीच्या गोल दिव्यांना हा विकार जडत नसे, कारण त्यांची काच खरोखरीची होती. पॉलिकार्बोनेट वजनाला हलके असते आणि खडी उडून लागली तरी सहसा फुटत नाही. परंतु ते मऊ असते आणि उन्हातील अतिनील किरणे त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कठीण, पारदर्शक थर चढवतात. तो थर उन्हाने झिजला, तडकला की काच धुरकट होते. त्यामुळे काच स्वच्छ कशी करायची याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, गेलेल्या थराच्या जागी कोणता थर बसवायचा याचा विचार करायला हवा.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने 2018 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत पिवळ्या पडलेल्या दिव्यांतून नव्या दिव्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतका प्रकाश मिळत असल्याचे आढळले आणि काच घासून पूर्ववत केल्यावर तो सुमारे 70 टक्क्यांपर्यंत आला. अडलेल्या प्रकाशातला बराचसा धुरकट काचेतून वाटेल तसा विखुरतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. अनेक जण अशा वेळी 60/55 वॅटचा बल्ब काढून 100/90 वॅटचा बसवतात. त्याने रस्ता फारसा उजळत नाही, समोरच्याला मात्र अधिक त्रास होतो आणि वाढलेल्या उष्णतेने आतला रिफ्लेक्टर खराब होतो.

कोणताही उपाय निवडण्यापूर्वी काच धुऊन, ओली असतानाच तिच्याकडे नीट पाहावे. पाणी असेपर्यंत काच स्वच्छ दिसत असेल आणि वाळताच पुन्हा पांढुरकी होत असेल, तर बिघाड वरच्या थरापुरता आहे आणि घासून तो निश्चित जाईल. ओली असतानाही धूसरपणा तसाच राहत असेल, तर एक तर तडे खोल गेले आहेत किंवा डाग आतल्या बाजूला आहे. आत पाण्याचे थेंब साचत असतील, तर सील गेलेले असते. तेथे बाहेरून कितीही घासले तरी उपयोग नाही.

टूथपेस्टने काच उजळते, हे खरे आहे, कारण तिच्यात सौम्य खरखरीत पूड असते. पण संरक्षण काहीच मिळत नसल्याने काही आठवड्यांत काच पहिल्यासारखी होते. डास पळवणारी क्रीम चोळण्याचा सल्ला मात्र मुळीच ऐकू नये. तिच्यातील रसायन प्लॅस्टिक मऊ करते आणि ओघळ बंपरच्या रंगावर गेला तर तोही खराब होतो.

खरी निवड आहे ती वाफ आणि घासणे यांत. रस्त्याकडेच्या दुकानांत एका लहान तापणाऱ्या भांड्यात रसायन घालून त्याची वाफ काचेवर फिरवतात. पाच मिनिटांत काच नव्यासारखी चकाकते, खर्चही बेताचा येतो, त्यामुळे मोह पडतो. प्रत्यक्षात ही वाफ पॉलिकार्बोनेटचा वरचा पापुद्रा विरघळवून सपाट करते. तिच्यातून संरक्षक थर असा काही बसत नाही. शिवाय प्लॅस्टिकमध्ये आधीचा ताण असेल, तर तेथे केसासारख्या बारीक भेगा पडतात. माझ्या गाडीच्या डाव्या दिव्यावर असे घडले: पहिल्या दिवशी मन प्रसन्न झाले आणि चार महिन्यांनी उन्हात तिरपे पाहिल्यावर कोळ्याचे जाळे काचेच्या आत विणल्यासारखे दिसू लागले. ते कोणत्याही सँडपेपरने निघाले नाही. ही वाफ श्वासावाटे शरीरात जाणे घातक असते, म्हणून काम करणाऱ्याच्या दृष्टीनेही मला हा मार्ग पटत नाही.

घासण्याला एक-दोन तास लागतात. भोवतीच्या पत्र्यावर मास्किंग टेप दुहेरी लावून, पाणी मारत 600 किंवा 800 नंबरच्या वॉटर पेपरने, म्हणजे ओल्याने घासायच्या सँडपेपरने, सुरुवात करावी (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक). प्रारंभी पिवळसर गढूळ पाणी उतरते. ते पांढरे स्वच्छ दुधासारखे येऊ लागले की जुना थर निघाला असे समजावे. मध्ये कोठे नकाशातील बेटासारखा चमकदार तुकडा उरला असेल, तर तो मूळ थराचा अवशेष असतो आणि तोही काढावाच लागतो. अन्यथा त्याची कडा पुढे कायम दिसत राहते. यानंतर किती बारीक पेपरपर्यंत जायचे, हे वर काय लावायचे आहे यावर अवलंबून असते, आणि बहुतेकांची चूक येथेच होते.

वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग लावायचे असेल, तर 3000 नंबरपर्यंत जाऊन कंपाऊंडने, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या पेस्टने, बफिंग करावे लागते, कारण हे थर इतके पातळ असतात की खालचा ओरखडा झाकत नाहीत. पातळपणामुळेच ते अतिनील किरणेही फारशी अडवू शकत नाहीत: वॅक्स दर एक-दोन महिन्यांनी लावावे लागते आणि सिरॅमिकने काच धुवायला सोपी होत असली, तरी पिवळेपणा रोखण्याच्या बाबतीत मी त्यावर विसंबणार नाही. दोन घटकांचा क्लिअर कोट (पारदर्शक लॅकर आणि तो घट्ट करणारा हार्डनर), ज्याला पेंटर ‘टू-के क्लिअर’ म्हणतात, तो याच्या उलट जाड बसतो. त्याला पकड मिळावी म्हणून 1000 नंबरच्या आसपासच थांबायचे असते. काच तेव्हा पार अंध दिसते, पण क्लिअर ओला बसताच ओरखडे भरून निघतात आणि ती लख्ख होते. हेडलाइटसाठी बनवलेला, अतिनील-रोधक क्लिअर नीट मारला, तर दोन-तीन वर्षे चिंता राहत नाही. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासावाटे घातक ठरणारे रसायन असते, त्यामुळे योग्य मास्क नसेल तर हे काम चांगल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडूनच करून घ्यावे. पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), म्हणजे काचेवर चिकटवायची संरक्षक फिल्म, हा तिसरा पर्याय असून खडीचा मार सोसण्यात ती सर्वांत सरस आहे, पण घासून पॉलिश केलेल्या किंवा अजून शाबूत असलेल्या काचेवरच ती लावावी. नवी गाडी घेणाऱ्याने धुरकटपणाची वाट न पाहता पहिल्या वर्षीच ती लावली, तर घासण्याचा प्रसंग बराच लांबतो.

आत पाणी शिरलेले असेल, रिफ्लेक्टरची चांदी उडालेली असेल किंवा काच खोलवर तडकलेली असेल, तर असेंब्ली, म्हणजे काच-रिफ्लेक्टरसह अख्खा दिवा, बदलण्यावाचून गत्यंतर नाही. साध्या हॅलोजन दिव्याच्या बाबतीत हा खर्च परवडू शकतो, एलईडी असेंब्लीच्या बाबतीत तो दहा हजारांच्या पटीत जातो. स्वस्त, बिनकंपनीची असेंब्ली बाहेरून हुबेहूब दिसते, पण तिचा झोत मूळ दिव्याइतका नेमका पडेलच असे नाही. म्हणून ती घेणार असाल तर रात्री भिंतीवर झोत पाडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

रोज रात्री घाटातून किंवा महामार्गावरून गाडी चालवणाऱ्याने, काच शाबूत असल्यास, टू-के क्लिअरच निवडावा. वर्षभरात गाडी विकायचीच असेल, तर घासून, पॉलिश करून वॅक्स लावणे पुरेसे आहे. क्लिअरचे काम पावसाळ्यात काढू नये, कारण दमट हवेत तो कधी कधी पांढुरका पडतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. मारण्यापूर्वी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, पेट्रोल किंवा थिनरने नव्हे, कारण त्यांनी पॉलिकार्बोनेट तडकते. आणि मारल्यानंतर किमान एक दिवस गाडी धूळ नसलेल्या जागी, छपराखाली उभी ठेवावी.