जुनं सेक्रेटरी डेस्क पारखताना: आधी झडप, मग पाठ, पॉलिश सगळ्यात शेवटी

सेक्रेटरी डेस्क म्हणजे पुढची झडप उघडली की तीच लिहायची फळी होते असं कपाटवजा टेबल. विकायला ठेवलेल्या अशा डेस्कची झडप बहुतेक वेळा उघडीच असते. आतले चिमुकले खण आणि पत्रांचे कप्पे दिसले की माणूस भुलतो. म्हणून पहिलं काम, ती झडप बंद करायची आणि स्वतःच्या हातानं पुन्हा उघडायची. या फर्निचरमध्ये सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो आणि बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात.

तिरप्या झडपेच्या डेस्कमध्ये वरच्या खणाच्या दोन्ही बाजूंना दोन लाकडी दांड्या असतात. त्या बाहेर ओढायच्या आणि मग झडप त्यांच्यावर टेकवायची. वजन पेलायचं काम दांड्यांचं. बिजागरीनं झडप फक्त जोडून ठेवायची. दांड्या न ओढता कुणी झडप सोडली, की सगळा भार बिजागरीच्या स्क्रूंवर येतो, लाकूड चिरतं आणि पुढची काठ तुकड्यानिशी निघून येते. त्यामुळे बिजागरीभोवती लांबी (पुट्टी) भरलेली आहे का, मूळ स्क्रूंच्या जागी जाड स्क्रू ठोकलेत का, ते बोटानं चाचपून पाहा. मग आतल्या फळीवरून झडपेपर्यंत एक सरळ पट्टी ठेवा. झडप पुढे थोडी झुकलेली असेल आणि बिजागरी शाबूत असेल, तर दांड्या झिजल्यात एवढंच. दांडीच्या टोकावर लाकडाची पातळ चकती सरसानं चिकटवली की काम होतं. बिजागरीखालचं लाकूडच फाटलेलं असेल तर मात्र दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा.

उभ्या झडपेच्या डेस्कला दांड्या नसतात, पितळी आधार किंवा साखळ्या असतात. लिहायला जागा भरपूर मिळते, पण झडप जड असते आणि बऱ्याच डेस्कांची खोली कमी, त्यामुळे उघडल्यावर तोल पुढे जातो. असं डेस्क भिंतीला पट्टीनं बांधल्याशिवाय वापरू नये, घरात लहान मुलं असतील तर मुळीच नाही.

गुंडाळत्या झाकणाचं डेस्क दिसायला सगळ्यात रुबाबदार आणि सांभाळायला सगळ्यात त्रासाचं. लाकडाच्या अरुंद पट्ट्या पाठीमागून कापडावर चिकटवलेल्या असतात. कापड कुजलं की पट्ट्या सुट्या होतात आणि खाचेत अडकतात. झाकण अर्ध्यावर थांबवून पाहा, मग एकाच हातानं एका टोकाकडून उचला. तिरकं होऊन अडलं तर नवं कापड लावायची वेळ झालेली आहे. खाचेत तेल घालू नका. त्यात धूळ बसते आणि कापडापर्यंत पोचलं तर चिकटलेल्या पट्ट्याही सैल होतात. मेणबत्ती घासा, पुरे.

मापांच्या बाबतीत फसगत फार होते. बंद डेस्क साधारण ४५ ते ५० सेंटीमीटर खोल असतं. झडप उघडल्यावर तेच ८० ते ९० होतं आणि मागे खुर्चीला आणखी ७५ तरी लागतात. लिहायची उंची ७३ ते ७६ सेंटीमीटर असेल तर उत्तम. झडपेखाली खणच खण असतील तर गुडघे मावतात, पावलं अडतात. पत्रव्यवहार, हिशेब, तासाभराचं लॅपटॉपचं काम यांना हे चालतं. दिवसभराच्या कामासाठी घेऊ नये, मग ते कितीही देखणं असो. मोठा मॉनिटर तर आतल्या कप्प्यांपुढे ठेवताच येत नाही. वायरसाठी पाठीला भोक पाडणं म्हणजे वस्तूचं मोल स्वतःच्या हातानं घालवणं.

वर काचेचं पुस्तकांचं कपाट असलेलं डेस्क घ्यायचं तर प्रश्न एकच: वरचा आणि खालचा भाग मुळात एकमेकांसाठीच केलेले होते का? हे भाग बहुधा वेगवेगळे बनत, त्यामुळे कुणाचं वरचं कुणाच्या खालच्यावर बसवणं सोपं असतं. वरचं कपाट उचलून घ्या आणि डेस्कचा माथा बघा. मूळ जोडी असेल तर झाकला जाणारा तो भाग बहुतेक वेळा कोराच ठेवलेला असतो. तिथे छान व्हिनियर, म्हणजे चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा, आणि पॉलिश दिसलं, तर ते डेस्क पूर्वी एकटंच उभं होतं असं समजा. मग दोघांना भिंतीपासून पुढे ओढून पाठ ताडून पाहा: लाकूड तेच का, रंग सारखाच काळवंडलाय का, करवतीच्या खुणा जुळतात का? सरळ खुणा बहुधा हातकरवतीच्या. कमानीसारख्या वळलेल्या खुणा गोल करवतीच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या किंवा नंतरच्या. जमवलेली जोडी वापरायला वाईट नसते. फक्त तिचे पैसे जमवलेल्या जोडीचेच द्यावेत.

वयाचा अंदाज खण बाहेर काढून येतो. कोपऱ्यातले डव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीच्या आकाराचे, सांधे कमी-जास्त रुंदीचे असतील आणि आखणीची रेघ दिसत असेल तर काम बहुधा हातचं; सगळे एकाच मापाचे असतील तर यंत्राचं. खणाच्या दर्शनी फळीला आतून जास्तीची भोकं असली तर हँडल बदललेत. फुलीच्या खाचेचा, म्हणजे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात आला. त्याआधीच्या डेस्कात तो दिसला तर कुणीतरी नंतर हात घातलाय. तो कुठे आणि कशासाठी, हे शोधा.

कपाटाच्या फळ्यांकडे लोक बघतच नाहीत. एक मीटर पुस्तकांचं वजन सहज २० ते ३० किलो भरतं. २ सेंटीमीटर जाडीची अस्सल लाकडाची फळी ८० सेंटीमीटरपर्यंत तग धरते; मीटरभराची हळूहळू वाकते. वाकलेली फळी उलटी करून बसवणं हा तात्पुरता उपाय, काही काळानं ती दुसऱ्या बाजूला वाकते. पुढच्या काठेखाली पट्टी लावली तर टिकते. आतली खोलीही मोजा. २२ सेंटीमीटर असेल तर चित्रांची मोठी पुस्तकं ठेवून दार लागणार नाही.

नुसतीच पुस्तकं ठेवायची असतील तर माझं मत एकावर एक रचायच्या काचेच्या कप्प्यांना. ग्लोब-वर्निकी ही कंपनी त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. प्रत्येक कप्पा सुटा. काचेचं दार वर उचलून आत सरकतं. घर बदलताना एकेक कप्पा उचलून नेता येतो. मात्र वेगवेगळ्या कंपन्यांचे कप्पे एकमेकांवर नीट बसत नाहीत, तेव्हा आतलं लेबल जुळवा. पायथा आणि वरचं झाकण सोबत असल्याशिवाय घेऊ नका, सुटे शोधणं जिकिरीचं असतं. दार एका बाजूला कलत असेल तर बहुधा आतली कात्रीसारखी पट्टी वाकलेली असते.

कीड प्रत्येक वस्तूत तपासायची. एक-दोन मिलिमीटरची भोकं दिसली म्हणून घाबरायला नको. भोकाच्या कडा उजळ आणि खाली पिठासारखा भुसा असेल तर किडा आत जिवंत असू शकतो. काळा कागद अंथरून दोन आठवडे थांबा आणि नवा भुसा पडतो का बघा. पृष्ठभागावर भोकांऐवजी उघड्या नागमोडी वाटा दिसल्या, तर पोखरलेलं जुनं लाकूड रंधून पुन्हा वापरलंय. बोरेटचं औषध कोऱ्या लाकडातच शिरतं, पॉलिशवरून वाहून जातं. म्हणून ते पाठीमागून आणि खणांच्या आतून लावावं.

पॉलिश शेवटी. लपलेल्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाका. चिकट झालं तर लाखेचं जुनं पॉलिश, आणि ते खरवडून काढायचं नाही. धूळ पुसून पातळ मेण चढवा. काहीच झालं नाही तर बहुधा अलीकडचं पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखं वॉर्निश.

नेताना आधी खण बाहेर काढा, झडप किल्लीनं बंद करा आणि किल्ली खिशात टाका. पॉलिशवर चिकटपट्टी लावू नका, सुटताना थर घेऊन येते. उचलताना हात तळच्या चौकटीखाली घालायचे, वरच्या काठेला किंवा दांड्यांना धरायचं नाही.