दोरा कमी अडकणारी मशीन कोणती: काळी, ऑटोमॅटिक की जुकी?

शिवणक्लास झाला, आता पहिली मशीन घ्यायची, म्हणून दुकानात गेलेली प्रत्येक बाई एक प्रश्न हमखास विचारते: "दोरा अडकत नाही ना?" प्रश्न रास्त आहे. लग्नसराईत गिऱ्हाईक दारात बसलेलं असतं, ब्लाऊजची शेवटची टीप राहिलेली असते आणि नेमका कापडाखाली दोऱ्याचा बोळा होऊन चाक जाम होतं. दुकानदार मात्र कुठल्याही मशीनवर हात ठेवून सांगतो, "नाही ताई, अजिबात नाही."

काळी पायडलची, विजेवर चालणारी झिगझॅगची ऑटोमॅटिक आणि कारखान्यातली जुकी, दोरा तिन्ही मशीनींत अडकतो. कुठे अडकतो, कशामुळे अडकतो आणि तुम्हाला तो स्वतःच्या हाताने काढता येतो का, हे प्रत्येकीचं वेगळं असतं. तालुक्याच्या गावापासून लांब वाडी-वस्तीवर बसून शिवायचं असेल, तर माझ्या लेखी यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा.

तिन्हींना लागू पडणारी एक गोष्ट आधी. बोळा कापडाखाली झाला की आपण लगेच बॉबीनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, दोष देतो. बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते. फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली असताना दोरा ओवला, तर टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यात बसतच नाही, वरून तरंगत राहतो. मग खाली गेलेला फास वर ओढला जात नाही आणि टाक्यागणिक दोरा खाली साठत जातो. म्हणून फूट वर उचलूनच दोरा ओवायचा, आणि पहिले तीन-चार टाके होईपर्यंत दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवायची. एवढं केलं तरी बरीचशी कटकट मिटते, मशीन कुठलीही असो.

आता काळी पायडलची मशीन. हिच्यातलं शटल (बॉबीनभोवती फिरून वरचा दोरा पकडणारा भाग) पूर्ण गोल फिरत नाही, झुल्यासारखं पुढे जाऊन मागे येतं. दर टाक्याला दिशा बदलते, आणि त्या वळणावर सैल दोरा शटल आणि त्याच्या खोबणीच्या मध्ये सापडतो. शिकाऊ हाताला यात आणखी एक त्रास: नुसत्या पायाने सुरुवात केली की कधी कधी चाक उलटं फिरतं. चाकाची वरची कड आपल्याकडे यायला हवी. ती उलट गेली की दोरा शटलभोवती गुंडाळलाच म्हणून समजा. पाय बसेपर्यंत चाकाला हाताने सुरुवात देऊन मगच पायडल मारायचं.

पण हीच मशीन सोडवायला सगळ्यात सोपी. बिजागरीवर मागे कलंडवली की पोट उघडं. बॉबीन केस काढायची, कडं सोडवायचं (कुठे खटके असतात, कुठे स्क्रू), शटल तळहातावर येतं. खोबणीत पाहिलंत तर कापडाचे तंतू आणि तेल मिळून काळपट चिकटा झालेला दिसेल, आणि त्यातच कुठेतरी दोऱ्याचा अर्धा इंचाचा तुकडा चिकटलेला असतो. तो चिमट्याने काढा, जुन्या टूथब्रशने खोबण पुसा, तेलाचा एक थेंब सोडा. मशीन पुन्हा मऊ चालते. याला मेकॅनिक लागत नाही.

तेल मात्र मशीनचंच. घरात आहे म्हणून खोबरेल घालणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. ते साधारण 24 अंशांच्या खाली गोठायला लागतं, आणि परभणीकडे थंडीत पहाटे पारा 10 अंशांच्याही खाली जातो. मग सकाळी चाक हलत नाही आणि आपण दोरा शोधत बसतो.

काळीची आणखी एक जमेची बाजू दुकानात कुणी सांगत नाही. तिच्या सुईखालच्या पट्टीला बारीक गोल भोक असतं. ऑटोमॅटिक मशीन झिगझॅग मारते, म्हणून तिच्या पट्टीत आडवी लांब फट असते. जॉर्जेट, शिफॉन किंवा पातळ अस्तर त्या फटीत सुईबरोबर खाली खेचलं जातं, आणि टीप सुरू करतानाच बोळा होतो. उपाय आहे: कडेपासून थोडं आत सुरुवात करायची किंवा कापडाखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवायचं, नंतर कागद फाडून टाकायचा. पण रोज चार ब्लाऊजला अस्तर लावणाऱ्या बाईने दरवेळी कागद ठेवत बसायचं का, याचा विचार घेण्याआधी करावा.

ऑटोमॅटिक घ्यायचीच असेल, तर किती डिझाइनचे टाके आहेत हे नंतर विचारा. आधी बॉबीन कुठे बसते ते बघा. समोरून बॉबीन केस बसत असेल, तर आत बहुतेक काळीसारखंच पुढे-मागे जाणारं शटल असतं. अडकण्याच्या बाबतीत तुम्ही जास्त पैसे देऊन वेगळं काही मिळवत नाही. बॉबीन वरून, पारदर्शक झाकणाखाली आडवी बसत असेल, तर बहुतेक ते गोल फिरणारं हूक, म्हणजे शटलचंच काम करणारा भाग. ते दिशा बदलत नाही, त्यामुळे दोरा कमी सापडतो, आणि दोरा किती उरलाय तेही दिसतं. तिथे त्या मशीनचीच प्लॅस्टिकची बॉबीन लागते. काळीची धातूची बॉबीन दिसायला जवळपास सारखी, पण ती घातली की हमखास अडचण. आठवड्याच्या बाजारात हातगाड्यावर मिळते ती बॉबीन चालेलच असं नाही.

ऑटोमॅटिकचा खरा धोका जोर लावण्यात आहे. काळी जाम झाली की पायाला लगेच कळतं. इथे पाय बटणावर असतो, मोटर ओढत राहते, आणि काही मॉडेलांत आतले गिअर प्लॅस्टिकचे असतात. आवाज बदलला की त्या क्षणी पाय उचलायचा, चाक हाताने हळू मागे-पुढे करायचं, दोरे कापून कापड सोडवायचं. कापड हिसकलं की सुई वाकते, आणि वाकलेली सुई पुढचा बोळा करते. टायमिंग, म्हणजे सुई आणि हूकचा मेळ, बिघडलं तर मशीन उचलून संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडला न्यावी लागते. शिवाय आपल्याकडची लाईट. उन्हाळ्यात ती गेली की ऑटोमॅटिक गप्प बसते, काळी चालू राहते.

जुकी, म्हणजे कारखान्याची वेगवान मशीन. हिचं हूक एका टाक्याला दोन फेऱ्या मारतं आणि मशीन मिनिटाला 5000 टाक्यांपर्यंत जाते. नीट ओवलेली, तेलाची पातळी खुणांच्या मधे असलेली जुकी तिन्हींत सगळ्यात कमी अडते. पण अडली की त्या वेगात दोरा हूकच्या मागे दांड्यावर आवळून बसतो. तो पात्याने कापून काढणं नवख्या हाताचं काम नाही. शाळेचे गणवेश, परकर, पिशव्या अशी एकसारखी ठोक कामं असतील आणि लाईट भरवशाची असेल, तरच घ्यावी. घेताना सर्वो मोटरची घ्या. क्लच मोटर बटण चालू असेपर्यंत फिरतच राहते. सर्वो टीप मारतानाच फिरते आणि तिचा वेग बांधून ठेवता येतो.

सुयांची अदलाबदल तर करूच नका. जुकीच्या सुईचा दांडा गोल, घरगुती मशीनच्या सुईचा एका बाजूने सपाट. सुईला एका अंगाला लांब खाच असते. दोरा नेहमी त्या खाचेच्या बाजूने ओवायचा. पैठणीच्या ब्लाऊजला 11 नंबर, साध्या सुतीला 14, जीन्सला 16 किंवा 18. जरीच्या काठावर सुई लवकर बोथट होते, तेव्हा असं काम झालं की सुई बदला.

माझा सल्ला असा. गावात राहून ब्लाऊज, परकर, मुलींचे ड्रेस शिवणार असाल, तर काळी, मजबूत टेबल-पायडलची; हात बसला की तिला मोटर लावता येते. पिको (साडीच्या कडेची बारीक झिगझॅग टीप) स्वतःच करायचा आहे आणि दुरुस्तीवाला शहरातच हाताशी आहे, तर वरून बॉबीन बसणारी ऑटोमॅटिक. दोन-चार जणी मिळून ठोक काम घेत असाल, तर एक जुकी, आणि जुनी काळी विकायची नाही.

दुकानात जाताना घरून अस्तराचा तुकडा, एक जाड तुकडा आणि रोज वापरता ती रीळ न्या. दुकानदाराला शिवायला लावू नका, स्वतः बसा. मग शटल किंवा हूक उघडून परत बसवून दाखवायला सांगा, आणि त्याच्यासमोर एकदा तुम्ही बसवून बघा. ते करू द्यायला तो तयार नसेल, तर पुढच्या दुकानात जा.