गोळ्यांचा २८ कप्प्यांचा डबा: आईसाठी घेतला, पाच महिने वापरून लिहितेय

इंदूरच्या दवा बाजारातून घेतलाय, १८० रुपयांना. कंपनीचं नाव वगैरे काही नाहीये त्यावर. साधा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, आत सात वारांच्या सात पट्ट्या, प्रत्येक पट्टीत सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र असे चार कप्पे. एका दिवसाची पट्टी वेगळी निघते, पर्समध्ये मावते, मला हे सगळ्यात आवडलं.

पण घेतला का ते आधी सांगते, कारण असं बऱ्याच घरांत चालू असणार. आई ६९ वर्षांची, रामबागेत राहते, थायरॉइडची गोळी गेली चौदा वर्षं चालू आहे आणि कधी काही त्रास नव्हता. मागच्या वर्षी हाडं ठिसूळ झाल्याचं निघालं म्हणून कॅल्शियम लागलं, मग हिमोग्लोबिन ९.२ आणि व्हिटॅमिन डी ११ आलं म्हणून लोहाची गोळी आणि डीची आठवड्यातून एकदा घ्यायची ६०,००० युनिटची कॅप्सूल. आई काय करायची तर सकाळी उठली की सगळ्या गोळ्या तळहातावर घ्यायच्या आणि चहाच्या घोटाबरोबर एकदम गिळायच्या, म्हणे एकदाचं उरकलं की दिवसभर डोक्याला ताप नाही. तीन महिने एका दिवसाचाही खाडा नाही केला हो तिने. आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट काय, तर हिमोग्लोबिन ९.४, डी १४, आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी, आकडा वाढला म्हणजे गोळी पुरत नाहीये) जे वर्षानुवर्षं ३ च्या आसपास असायचं ते थेट ९ च्या वर. मला लॅबच्या बाहेरच रडू आलं, एवढं नेमाने घेऊन काहीच कसं लागत नाही अंगाला.

डॉक्टर थायरॉइडचा डोस वाढवायलाच निघाले होते, लिहितालिहिता थांबले आणि म्हणाले, "माताजी, गोली किसके साथ लेती हो?" आईने सांगितलं, चाय के साथ, सब एक साथ. त्यांनी पेन खाली ठेवलं.

गोष्ट अशी की कॅल्शियम आणि लोह दोन्ही पोटात थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतात, ती रक्तात पोचतच नाही नीट, म्हणून मध्ये चार तास तरी गेले पाहिजेत. कॅल्शियम परत लोहालाही आडवं येतं. आणि चहातलं टॅनिन लोहाला बांधून टाकतं, म्हणजे आमच्या घरात लोहाची गोळी रोज सकाळी चहात वाया जात होती असंच म्हणायचं. डीची तऱ्हा वेगळी, ते तेलातुपात विरघळणारं व्हिटॅमिन, रिकाम्या पोटी नुसत्या चहाबरोबर घेतलं तर कमी शोषलं जातं. हे सगळं औषध देताना कोणीतरी सांगायला हवं होतं, दुकानात आम्हाला नुसती पिशवी मिळाली होती.

तर आता आईचं असं चालतं. सहाला थायरॉइड, फक्त पाण्याबरोबर, त्यानंतर तासभर चहासुद्धा नाही. मग पोहे-चहा काय ते. अकराला लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, व्हिटॅमिन सीने लोह जास्त शोषलं जातं, आणि त्याच्या पुढेमागे दीड-दोन तास चहा बंद. सुरुवातीला तिला मळमळायचं तेव्हा पेरूच्या दोन फोडींबरोबर द्यायला लागले, मग सोसलं. ही गोळी डॉक्टरांनी आता एक दिवसाआड केलीये. मी चमकले, कमी करून कसं वाढेल? पण लोह घेतलं की शरीरात हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते पुढचं साधारण दिवसभर लोहाचा दरवाजा लावून घेतं, लागोपाठची गोळी मग तेवढी आत जात नाही. स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोह कमी असलेल्या तरुण बायकांवर हे तपासलं होतं. डीची कॅप्सूल रविवारी दुपारी, त्या दिवशी आमच्याकडे दाल-बाफले (तुपात बुडवलेले कणकेचे गोळे) असतात, तुपाची वेगळी सोय करावी लागत नाही. कॅल्शियम रात्री जेवणाबरोबरच, कारण तिचं कार्बोनेटवालं आहे, त्याला पोटातलं आम्ल लागतं. पाकिटावर १२५० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं पण त्यात खरं कॅल्शियम ५०० असतं, आणि एका वेळी तेवढंच घेतलेलं बरं, जास्त घेतलं तर त्या मानाने कमी शोषलं जातं.

आता हे सगळं ६९ वर्षांच्या बाईने लक्षात कसं ठेवायचं! तिथे हा डबा कामी येतो. रविवारी संध्याकाळी मी आठवडा भरून ठेवते, दुपारच्या कप्प्यात लोहाची गोळी फक्त सोम-बुध-शुक्र दिसते, रविवारी तिथे डीची कॅप्सूल, तेवढ्यावरून तिला कळतं आज लोह आहे की नाही. घेतली का नाही घेतली हा फोनवरचा वाद संपला.

खोट पण सांगते. झाकणं फार घट्ट आहेत, आईची बोटं संधिवाताने वाकलीयेत, तिला नखाने उचकटावं लागायचं, शेवटी मी प्रत्येक झाकणाला चिकटपट्टीचं छोटं शेपूट लावून दिलं, ते धरून ओढते. वार इंग्रजीत छापलेत आणि ते पण दीड महिन्यात पुसले, मग मार्करने सोम, मंगळ लिहिलं. कॅल्शियमची लांबट गोळी कप्प्यात तिरकीच बसते. आणि झाकण हवाबंद नाहीये, पावसाळ्यात लोहाच्या गोळ्यांवर डाग दिसले तेव्हापासून त्या दिवसांत तीन-तीन दिवसांचंच भरते. थायरॉइडची गोळी तर यात ठेवूच नका, तिला उजेड, दमट हवा आणि उष्णता सोसत नाही, ती आपल्या बाटलीतच राहू दे, आईची उशाशी तांब्याजवळ असते.

टीएसएच दोन महिन्यांनी ३.८ आलं, डोस तोच, एक मायक्रोग्रॅम वाढवला नाही. हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी ११.१ आणि डी ३३. आता ती जिना चढून गच्चीवर कुरडया घालायला जाते, मध्ये थांबत नाही.

बाबांसाठी पण एक घ्यायचाय. ते शुगरचं मेटफॉर्मिन घेतात, त्याने बी-१२ कमी होतं आणि शाकाहारी माणसाचं आधीच कमी, तेव्हा त्यांचीही तपासणी सांगितलीये. यावेळी मात्र दुकानात उभं राहून झाकण आईच्याच हाताने उघडून बघणार, मग पैसे देणार. पाचपैकी चार.