महाभारतावरचं पहिलं पुस्तक: ‘मृत्युंजय’, ‘युगान्त’, ‘व्यासपर्व’ की ‘पर्व’?

“महाभारतावर एखादं चांगलं पुस्तक सांग ना,” असं मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी म्हणतंच. पूर्वी मी क्षणाचाही विचार न करता इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ सांगायचे. माझं सगळ्यात आवडतं पुस्तक ते, मग दुसरं काय सांगणार? भाची कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती तेव्हा तिलाही तेच दिलं. पंधरा दिवसांनी पुस्तक परत आलं, खूण विसाव्या पानाच्या आसपास. म्हणाली, “मावशी, या बाई भीष्मांवर रागावल्यात एवढं कळलं. पण भीष्मांनी नक्की केलं काय, तेच मला धड माहीत नाहीये.”

तिचं अगदी बरोबर होतं. मी मला आवडलेलं पुस्तक दिलं होतं, तिला त्या वेळी हवं असलेलं नव्हे. तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: गोष्ट कितपत माहीत आहे? आणि वाचून काय व्हावंसं वाटतंय, गोष्टीत बुडून जायचंय की गोष्टीशी भांडायचंय? या दोन उत्तरांवर पुस्तक ठरतं. त्यातही पहिलं कोणतं वाचता याला फार महत्त्व आहे, कारण महाभारतात आपण ज्याच्या शेजारी आधी जाऊन बसतो, त्याची बाजू सहसा सुटत नाही.

गोष्ट नीट माहीत नसेल तर ‘मृत्युंजय’

शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ मध्ये आली, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. कर्णाचं आयुष्य सहा जणांच्या तोंडून येतं: स्वतः कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, त्याचा भाऊ शोण आणि शेवटी श्रीकृष्ण. भाग एकूण नऊ, त्यातले चार कर्णाचे. म्हणजे दर थोड्या वेळाने आपण पुन्हा कर्णाच्या डोक्यात शिरतो, आणि मधल्या वेळात इतरांना तो कसा दिसतो ते पाहतो. नवख्या वाचकाला या रचनेचा मोठा फायदा होतो. कोण कुणाचा कोण, कुठली शपथ कधी घेतली, हे वंशावळ पाठ न करता आपोआप अंगात मुरतं. कर्णाबरोबर चंपानगरीहून हस्तिनापूरला गेलेला वाचक ते नगर त्याच्याइतक्याच नवलाईने बघतो.

भाषा भरजरी आहे. उपमांवर उपमा येतात, सूर्य तर पानोपानी. काहींना हे जड जातं आणि त्यांचं मला पटतंही. मात्र पंधरा-सोळाव्या वर्षी ही भाषा जशी चढते तशी पुढे कधीच चढत नाही. म्हणून घरात त्या वयाचं कुणी असेल तर मी डोळे मिटून हेच पुस्तक हातात ठेवते.

एक गोष्ट मात्र देतानाच सांगायला हवी. ही कर्णाची कैफियत आहे. वकील उत्तम आहे, पण एकाच पक्षाचा. व्यासांच्या सभापर्वात पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रं काढून घे, असं दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. कादंबरीतून कर्णावर जीव जडलेल्या वाचकाच्या पुढ्यात मूळ महाभारतातला हा प्रसंग येतो, तेव्हा त्याला धक्का बसतो. मला बसला होता. चार-पाच दिवस मी काही वाचूच शकले नाही.

कर्णावरच दुसरी कादंबरी हवी असेल तर रणजित देसाईंची ‘राधेय’ आहे. आटोपशीर, हळवी आणि संवादांवर चालणारी. दोन्ही लागोपाठ वाचू नयेत, कारण दुसरीवर अन्याय होतो. आणि कर्णाचा हा गौरव अजिबात मान्य नसलेल्यांसाठी दाजी पणशीकरांचं ‘कर्ण खरा कोण होता?’ आहे, तेही कादंबरीनंतरच.

गोष्ट माहीत असेल आणि प्रश्न पडत असतील तर ‘युगान्त’

योगायोग बघा, इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’सुद्धा १९६७ चंच. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकाच वर्षात एक पुस्तक एका माणसाला सूर्याएवढं करतं आणि दुसरं सगळ्यांनाच माणसाच्या मापात आणतं. दोन्ही मराठीतच, आणि दोन्ही तितक्याच जीव तोडून लिहिलेली.

इरावतीबाई मानवशास्त्रज्ञ. नातेसंबंध, कुळं, लग्नाच्या चालीरीती हा त्यांचा अभ्यासाचा विषय, आणि महाभारताकडेही त्या त्याच नजरेने बघतात: या घरात कोणाचा हक्क कुठून आला, कोणी कोणाला फसवलं, बायकांना विचारलं कोणी? त्यांचा आधार आहे पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली संहिता. हे काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. आपल्या मनात घट्ट बसलेल्या कितीतरी गोष्टी या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाहीत. गणपती लेखनिक झाला ती कथा नाही. स्वयंवरात ‘सूतपुत्राला वरणार नाही’ असं द्रौपदी म्हणते, तेही नाही. हे कळल्यावर पायाखालची जमीन जरा हलते, आणि मला ते हलणं फार आवडतं.

पुस्तकात लेख आहेत, बहुतेक एकेका व्यक्तीवर. भीष्मांपासून सुरुवात, मग गांधारी, कुंती, द्रौपदी असं करत कर्ण, कृष्ण आणि शेवटी त्या युगाचाच अंत. विदुर हा युधिष्ठिराचा बाप असावा का, या प्रश्नावर एक अख्खा लेख आहे. पटो न पटो, पुरावे मांडण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. कर्णाच्या लेखात सहानुभूती आहे, पण सूट नाही. त्याच्या वाट्याला आलेली उपेक्षा त्या मानतात, आणि त्याने स्वतः केलेल्या चुकांचा हिशेबही तितक्याच शांतपणे लिहितात.

मला जे सगळ्यांना दाखवावंसं वाटतं ते द्रौपदीच्या लेखाच्या शेवटी आहे. इथवरचं विवेचन चिकित्सित आवृत्तीवरून केलं, यापुढची माझी ‘नरोटी’, असं बाई सरळ सांगून टाकतात. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी, बिनकामाची वस्तू. या अर्थाचा हा शब्द एकनाथांचा. आणि मग त्या ‘बिनकामाच्या’ भागात हिमालयात कोसळलेली द्रौपदी येते, मागे वळून तिच्याजवळ येणारा भीम येतो, आणि पुढच्या जन्मी तू थोरला हो, असं ती त्याला सांगते. संशोधकाने आपला पुरावा कुठे संपला त्या जागी ठळक रेघ मारावी आणि मग रेघेपलीकडे जाऊन असं काही लिहावं, हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. कुठवर माहीत आहे आणि कुठून मनाचं आहे हे वाचकाला सांगणं म्हणजे त्याचा मान राखणं, हे मी याच पानावर शिकले.

पण हे पान कळायला भीम आयुष्यभर द्रौपदीसाठी कसा धावला हे आधी ठाऊक लागतं. विराटाच्या घरचा कीचक, दुःशासनाचं रक्त, सौगंधिक कमळं. ते ठाऊक नसेल तर ही नुसती एक हळवी ओळ वाटेल. म्हणून ‘युगान्त’ दुसरं पुस्तक, पहिलं नव्हे. अपवाद एकच: घरात मोठ्यांच्या तोंडून महाभारत ऐकत वाढलेल्यांनी थेट इथून सुरू करावं. माझ्या आईच्या वयाच्या बायकांना मी बेलाशक ‘युगान्त’ देते आणि आधी गांधारीचा लेख वाचायला सांगते. तो लेख गोष्टीसारखा उलगडतो, आणि त्यातली डोळ्यांवरची पट्टी वाचून गप्प झालेल्या दोघीतिघी मी पाहिल्या आहेत.

भाषेसाठी वाचत असाल तर ‘व्यासपर्व’

दुर्गा भागवतांचं हे पुस्तक १९६२ चं, म्हणजे वरच्या दोन्हींच्या आधीचं. लहानसं आहे. कृष्ण, द्रोण, अश्वत्थामा, एकलव्य, द्रौपदी अशा व्यक्तींवरचे ललित लेख. ‘युगान्त’शी त्याची नेहमी तुलना होते, पण दोघींचं काम वेगळं. इरावतीबाई विचारतात, हे असं का घडलं? दुर्गाबाई त्या घडण्यातल्या सौंदर्याकडे आणि वेदनेकडे बघत बसतात. वाक्यं लांब, संस्कृतप्रचुर, पुन्हा पुन्हा वाचावी लागणारी. एका बैठकीत एकच लेख वाचावा. ज्यांना कथानकाची ओढ असते त्यांना मी हे देत नाही. जे कविता वाचतात त्यांना आवर्जून देते.

चमत्कार नको असतील तर ‘पर्व’

एस. एल. भैरप्पांची ही कन्नड कादंबरी १९७९ ची. मराठीत ती उमा कुलकर्णींनी आणली, आणि अनुवाद इतका सहज उतरलाय की हे पुस्तक मूळचं मराठी नाही याचा मला अर्ध्या वाटेत विसर पडला होता. सुरुवात मद्र देशात, म्हाताऱ्या शल्याच्या घरात. युद्ध होणार अशी कुणकुण आहे आणि घरात लग्नाच्या बोलण्यांची काळजी. तिथूनच लक्षात येतं की हे वेगळं महाभारत आहे.

यात वर नाहीत, शाप नाहीत, अस्त्रं मंत्राने सुटत नाहीत. पांडवांचे जन्म नियोगाने, म्हणजे नवऱ्याऐवजी दुसऱ्या पुरुषापासून झालेले, आणि देव म्हणजे डोंगरातल्या एका जमातीची माणसं. कुंती, द्रौपदी, भीम, अर्जुन आपापल्या आठवणींत शिरतात आणि गोष्ट मागे-पुढे होत राहते. युद्ध येतं ते शंखनादासकट आणि दुर्गंधीसकट. इतक्या माणसांना आणि जनावरांना खायला काय घालायचं, मलमूत्राचं काय करायचं, प्रेतं कुठे न्यायची? अठरा दिवसांचं युद्ध मी लहानपणापासून ऐकत आले, पण तिथल्या घोड्यांना वैरण कुठून आली हा प्रश्न मला ‘पर्व’ वाचेपर्यंत कधी पडला नव्हता.

हे पुस्तक देताना दोन गोष्टींचा विचार करावा. एक, आठवणींच्या उलटसुलट क्रमामुळे गोष्ट माहीत नसलेला वाचक वाट चुकतो. दोन, श्रद्धेने महाभारत ऐकणाऱ्या माणसाला यातली शारीर, रोखठोक वर्णनं दुखवू शकतात. माझ्या एका मैत्रिणीने ते मध्यावर मिटलं आणि मला तसं स्पष्ट सांगितलं. मी आग्रह केला नाही. उलट, “मला पुराणकथा झेपत नाहीत” म्हणणाऱ्या एका सहकाऱ्याने ते आठवड्यात संपवलं आणि पुढे स्वतःहून ‘युगान्त’ मागितलं.

मग नक्की कोणतं?

‘मृत्युंजय’ आणि ‘युगान्त’ यांत अडकला असाल तर आधी ‘मृत्युंजय’. हा क्रम उलटा केलात तर इरावतीबाईंचा हिशेब डोक्यात घेऊन कर्णाचं बोलणं ऐकाल, प्रत्येक वाक्यावर शंका घ्याल आणि कादंबरी हातची जाईल. सरळ क्रमाने गेलात तर आधी कर्णासाठी रडाल, मग त्याला जाब विचाराल. दोन्ही अनुभव पुरे मिळतात.

‘युगान्त’ आणि ‘पर्व’ यांत अडकला असाल तर वेळ बघा. ‘युगान्त’चा एक लेख एका संध्याकाळी होतो आणि मध्ये महिना गेला तरी बिघडत नाही. ‘पर्व’ सोडून सोडून वाचता येत नाही, त्याला सलग सुट्टी हवी.

आणि दुसऱ्यासाठी निवडत असाल तर पुस्तक देण्याआधी त्या माणसाला एवढंच विचारा, “महाभारतातलं तुझं आवडतं कोण?” कर्ण म्हणाला तर काम सोपं आहे. द्रौपदी म्हणाला तर ‘युगान्त’. कृष्ण म्हणाला तर ‘व्यासपर्व’मधला कृष्णावरचा लेख आधी वाचून दाखवा, रुचला तर पुस्तक द्या. “कुणीच नाही, सगळेच चुकले,” असं उत्तर आलं तर ‘पर्व’.

भाचीला मी नंतर ‘मृत्युंजय’ दिलं होतं. दीड वर्षाने तिने ‘युगान्त’ पुन्हा नेलं, या खेपेला भीष्मांचा लेख ओलांडून थेट कर्णाच्या लेखापाशी गेली, आणि रात्री अकराला मला फोन करून इरावतीबाईंशी तासभर भांडली.