पहिली स्पोर्ट बाईक: जिक्सर एसएफ, आठ महिने आणि ६,२०० किलोमीटर

गेल्या दसऱ्याला मी सुझुकीची जिक्सर एसएफ घेतली, दीडशेवाली. त्याआधी सहा वर्षं फक्त स्कूटर. क्लच कशाशी खातात हेही माहीत नव्हतं. आज मीटरवर ६,२०० किलोमीटर आहेत. कोल्हापुरात राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी रोज जाऊन-येऊन, महिन्यातून एक-दोनदा पन्हाळा आणि एकदा राधानगरी. पहिलीच गिअरची गाडी म्हणून स्पोर्ट बाईक घ्यायचं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. घेताना मला जो तो शंभरच्या पुढचा वेग सांगत होता. पहिले दोन महिने मला जो त्रास झाला, तो सगळा वीसच्या आत झाला.

आधी परवान्याचं. स्कूटरचा परवाना विनागिअरचा असेल तर तो मोटारसायकलला चालत नाही. गिअरसाठी वेगळं लर्निंग काढावं लागतं, पक्क्या परवान्याची परीक्षा ३० दिवसांनंतरच देता येते आणि लर्निंग सहा महिने चालतं. तोवर पुढे-मागे एल लावायचा. मी गाडी घेण्याआधीच लर्निंग काढलं आणि मावसभावाच्या जुन्या शंभर सीसीवर शेंडा पार्कच्या मोकळ्या रस्त्यावर हात बसवला. त्या पंधरा दिवसांत गाडी किती वेळा बंद पडली असेल त्याला गणती नाही. पण नव्या गाडीचा क्लच शिकण्यात जळला नाही.

यादीत तीन गाड्या होत्या. यामाहाची आर-वन-फाइव्ह, बजाजची पल्सर आरएस २०० आणि ही. दादाचा आग्रह एकच, "अगं आर-वन-फाइव्हच घे की, नाद खुळा गाडी हाय!" गाडी खरोखरच तशी आहे. १८.४ पीएस ताकद, सहा गिअर, स्लिपर क्लच (पटकन गिअर उतरवला तरी मागचं चाक अडखळू न देणारा), दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. पण ती ताकद इंजिन मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर (आरपीएम) गेल्यावर मिळते, आणि माझी सुई राजारामपुरी ते कावळा नाका तीन ते पाच हजारांतच फिरणार होती. आरएस २०० तर २४.५ पीएस, वजन १६६ किलोच्या आसपास. जिक्सर एसएफ कागदावर दोघींपेक्षा कमी: १३.६ पीएस, पाच गिअर, एबीएस फक्त पुढच्या चाकाला. पण सीटची उंची ७९५ मिलिमीटर. आर-वन-फाइव्हची ८१५, आरएसची ८१०. दोन सेंटीमीटरचा फरक वाचताना किरकोळ वाटतो. माझी उंची पाच फूट तीन इंच. आर-वन-फाइव्हवर माझे फक्त चवडे टेकत होते, जिक्सरवर चवडे पूर्ण टेकून टाचाही जवळजवळ लागत होत्या.

तरी निर्णय होईना. शेवटी उद्यमनगरातल्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गेले. त्यांच्याकडे त्या दिवशी आरएस आणि जिक्सर दोन्ही कामाला आल्या होत्या. मला वाटलं, इंजिनाबद्दल काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "ताई, आधी बसून गाडी मागं ढकलून दाखवा. चालवायचं मागनं बघू." दुकानासमोर रस्त्याकडे हलकासा उतार आहे. गाडी तोंड खाली करून उभी, आणि ती मागे, म्हणजे चढावर न्यायची. आरएस हातभर सरकली आणि माझ्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. जिक्सर १४८ किलोची, पण पाय नीट टेकत असल्यामुळे जोर जमिनीत जात होता. सहा-सात पावलांत ती दुकानाच्या पायरीला लागली. मिस्त्री नुसते हसले. माझी निवड तिथंच झाली. एका शोरूममध्ये मला चालवून बघायला द्यायला टाळाटाळ केली होती. तुमच्या बाबतीत असं झालं तर निदान गाडीवर बसून ती मागे ढकलून बघण्याचा हट्ट सोडू नका.

इतकं करूनही गाडी पडलीच. दुसरा आठवडा, महाद्वार रोड, यू-टर्न. स्पोर्ट बाईकचं हँडल स्कूटरसारखं गर्रकन वळत नाही, वळायला जास्त जागा लागते. अर्ध्यात आले आणि समोर एक काका पिशवी घेऊन उभे राहिले. हँडल पूर्ण वळलेलं असताना मी पुढचा ब्रेक दाबला. तसं केलं की गाडी आतल्या बाजूला बसते, ती सावरत नाही. वेग असेल जेमतेम पाच. मला काही लागलं नाही, पण उजव्या काऊलवर, म्हणजे बाजूच्या प्लास्टिकच्या आवरणावर, वीतभर ओरखडा आला आणि ब्रेकचा लिव्हर वाकला. बिनकाऊलच्या गाडीला एवढ्यात फारसं काही होत नाही. काऊलच्या गाडीत मात्र प्लास्टिक आधी जातं. म्हणून गाडी ठरवण्याआधी काऊलच्या एका बाजूची किंमत विचारा, आणि विम्यात झीरो डेप (भाग बदलताना घसारा न कापणारं कव्हर) घ्या. त्यानंतर मी हळू वळणात पुढच्या ब्रेकला बोट लावत नाही. क्लच अर्धा दाबलेला, मागचा ब्रेक हलका, आणि नजर जिकडे जायचं तिकडे.

ब्रेकवर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली, आणि सगळ्यात जास्त आग्रहही त्याचाच करेन. दर रविवारी सकाळी शेंडा पार्कात खडूची रेघ मारायची, चाळीसच्या वेगात रेघेवर ब्रेक लावायचा आणि पावलं मोजायची. पहिल्या रविवारी पंचवीस पावलं झाली. पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही, आधी हलका, गाडीचं वजन पुढं आलं की मग जोरात, हे अंगात मुरल्यावर सतरा झाली. ती आठ पावलं म्हणजे पाच-साडेपाच मीटर. आपल्या रस्त्यावर तेवढ्यात एक अख्खी गाडी मावते.

हे जानेवारीत कामाला आलं. उसाचा हंगाम, संध्याकाळी सात, सर्व्हिस रोडला पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टरवर पाला लोंबकळतोय. दिसला तेव्हा फार जवळ होता. मी दोन्ही ब्रेक लावले. मागचं चाक रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यांवर गेलं आणि लॉक होऊन शेपटीसारखं हललं. मागे एबीएस नाही हे मला माहीत होतं, पाय जरा जास्त पडला होता. पाय उचलला, पुढचा तसाच धरून ठेवला, गाडी सरळ थांबली. तेव्हापासून हंगामात अंधार पडल्यावर चाळीसच्या वर जात नाही. दोन्ही चाकांना एबीएस असलेली गाडी तुमच्या पायांना आणि खिशाला झेपत असेल तर ती जरूर घ्या, ही गोष्ट मी मोकळेपणानं सांगते.

पन्हाळ्याला ही गाडी फार आवडते मला. शिवाजी पूल, केर्ली, मग वाघबीळला वळलं की घाट. चढताना दुसरा-तिसरा गिअर, इंजिन कुरकुर न करता ओढतं. उतरताना दुसऱ्यावर ठेवलं की निम्मं काम इंजिनच करतं. वळणाच्या आत शिरल्यावर ब्रेक शोधायची वेळ येऊ नये, वेग आधीच उतरवायचा. पहिल्या फेरीला माझ्या मागं गाड्यांची रांग लागली होती. लागू द्यावी.

मनगटं पहिला महिनाभर दुखली. हँडल खाली असल्यामुळे आपण नकळत त्यावर रेलतो. टाकी गुडघ्यांनी घट्ट धरायची आणि कोपर सैल सोडायचे, हे जमल्यावर दुखणं गेलं. आई मात्र एकदाच मागे बसली, अंबाबाईला जाऊन आलो. घरी आल्यावर म्हणाली, "चांगली हाय, पण मला आपली स्कूटरच बरी." मागची सीट उंच आणि अरुंद आहे. घरात रोज कुणाला मागे न्यायचं असेल तर याचा विचार करा.

खर्चाचं थोडक्यात. ॲव्हरेज शहरात ४४-४५, हायवेला पन्नासच्या जवळ. टाकी १२ लिटरची, माझी फेरी दहा-बारा दिवसांनी पंपावर होते. चेन दर पाचशे किलोमीटरला स्वतः पुसून वंगण लावते, वीस मिनिटांचं काम आहे. धुळीत आणि उसाच्या चिकट पाल्यात चेन लवकर काळी होते, अंतर तेवढंच ठेवा. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं, आयएसआयचं. हायवेला ट्रक शेजारून गेला की काऊलला वारा ढकलतो, तेव्हा हँडलशी झटापट करायची नाही.

परवा पहिला पाऊस झाला. धूळ आणि तेल वर येऊन रस्ता साबणासारखा झाला होता, झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवर चाक जरा सरकलंच. सध्या घर ते कंपनी एवढंच चालवते आहे. गगनबावड्याला जायचं दिवाळीनंतर, दादाशी तसं बोलणंही झालंय.